कट्यारीवरचा गंज, मुठीवरचं सोनं न घालवता कसा काढावा?

किनारपट्टी: देवगडला घरात जुनी कट्यार आहे. पातं ९ इंच, मुठीवर सोन्याची वेलबुट्टी, म्यान लाकडी, वर मखमल. पातं मुळाशी तपकिरी झालंय, वेलीचं सोनंही सुटतंय. चिंचेने घासावी का?

लोहकाम: चिंच, लिंबू, रांगोळी काहीच नको. ही कोफ्तगिरी दिसते. पोलादावर आडव्या-उभ्या बारीक रेघा मारून ते खरबरीत करतात आणि त्यावर सोन्याची तार ठोकतात. सोनं धरलेलं असतं ते त्या रेघांच्या दातांनीच. गंज सोन्याखाली शिरून फुगतो आणि तार वर उचलतो. अशा वेळी घासलं की ती गेलीच. तिथली धूळ मऊ ब्रशने झाडा आणि मूठ संवर्धकाला (जुन्या वस्तू जतन करणाऱ्या जाणकाराला) दाखवा.

पातं पांढऱ्या सुती फडक्याने पुसून बघा. नारिंगी भुकटी आली तर गंज चालू आहे. काळसर थर घट्ट असेल, फडक्याला काहीच लागत नसेल, तर तो तसाच राहू द्या. चालू गंजावर शिलाई मशीनचं तेल दोन थेंब, रात्रभर. सकाळी बांबूच्या चपट्या काडीने हलकेच खरवडा. एका दिवसात होत नाही, तीन-चारदा करावं लागतं. पॉलिश पेपर अजिबात नको. जुन्या पोलादात पाण्याच्या लहरींसारखी नैसर्गिक नक्षी असते, तशा लहरी असतील तर त्या घासून दिसेनाशा होतात. शेवटी स्पिरिटने तेल पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (संग्रहालयात धातूवर लावतात त्या मेणाचा) पातळ हात द्या.

जुनं ते जपा: मेण लावून पुन्हा म्यानात घालू नका, खरं दुखणं तिथंच आहे. लाकूड आणि मखमल दोन्ही ओल धरतात, त्यात आपली खारी हवा. म्यान वेगळं ठेवा. कट्यार घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरा. आणि खंडेनवमीला ओल्या बोटाने पात्यावर हळद-कुंकू लावता का? दरवर्षी त्याच जागी ओल बसते. फुलं, अक्षता ताम्हनात शेजारी वाहा.

किनारपट्टी: डाग नेमका कुंकवाच्या जागीच आहे! आता एकच. टोक बाकी पात्यापेक्षा जाड आहे. धारवाला म्हणतो तुटलेलं जोडलंय, पातळ करून देतो.

लोहकाम: देऊ नका! कट्यारीचं टोक मुद्दाम जाड ठेवत. मूठ आडवी धरून ठोशासारखा वार करायचा, सगळा जोर टोकावर येतो, आणि त्याने चिलखताच्या कड्या फुटायला हव्यात. पातळ टोक तिथे वाकेल. जोड असता तर भिंगाखाली आडवी रेघ दिसली असती. सहाणेवर एकदा उतरवलेलं पोलाद परत चढत नाही.