मदत हवी आहे: पबमेडवर विडी कामगारांवर एकही पेपर सापडत नाही, गुरुवारी सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) द्यायचाय

अंतिमवर्ष_सोलापूर | सोमवार, रात्री ११:१२
तीन दिवस शोधतेय, प्रत्येक वेळी शून्य. विषय विडी कामगार बायकांची मान-पाठदुखी. गाईड मॅडमना पंधरा संदर्भ हवेत, तेही पबमेडवरचे, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या त्या ऑनलाइन सूचीतले. आमच्या सोलापुरात घराघरांत विड्या वळतात आणि यावर कुणीच अभ्यास केला नाही, हे मला पटत नाही. कुणाकडे लिंक असतील तर द्या. गुरुवारी सबमिशन आहे, प्लीज लवकर.

जुना_ग्रंथपाल | सोमवार, रात्री ११:३०
शोधपेटीत नेमकं काय टाइप केलंत? शब्द जसेच्या तसे सांगा. त्याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

स्कॉलरप्रेमी | सोमवार, रात्री ११:३४
पबमेड सोड, गुगल स्कॉलर वापर. मी पूर्ण एमएस्सी त्यावर काढली. काहीही टाका, हजारो निकाल येतात.

अंतिमवर्ष_सोलापूर | सोमवार, रात्री ११:४१
@स्कॉलरप्रेमी मॅडमना पबमेडच हवंय, वर लिहिलंय की.
@जुना_ग्रंथपाल काका, पूर्ण टायटल टाकलं. प्रिव्हेलन्स ऑफ नेक अँड बॅक पेन इन विमेन बिडी वर्कर्स ऑफ सोलापूर.

जुना_ग्रंथपाल | मंगळवार, सकाळी ६:५०
मग एक कारण सापडलं. पबमेड वाक्य वाचत नाही. ‘ऑफ’, ‘इन’ असले शब्द सोडून देतं आणि उरलेले सगळे एकमेकांना ‘अँड’ने जोडतं. म्हणजे प्रिव्हेलन्स, नेक, बॅक, पेन, विमेन, बिडी, वर्कर्स आणि सोलापूर, हे सगळे एकाच नोंदीत असतील तरच ती दिसणार. एक शब्द नसला की नोंद गेली.
सोलापूर आधी काढा. त्या नावाने शोधलं तर लेखकाचा पत्ताही तपासला जातो, त्यामुळे इथल्या डॉक्टरांनी भलत्याच आजारांवर लिहिलेले पेपर पुढे येतात. आणि तुम्हाला हवा तो अभ्यास कर्नाटकातला किंवा बंगालमधला असू शकतो. तोही संदर्भ म्हणून चालतो.

एमआयडीसीकर | मंगळवार, सकाळी ८:०५
विडीपेक्षा यंत्रमाग घे. अक्कलकोट रोडला जाऊन उभी राहा, टॉवेलच्या मागांचा आवाज ऐक. माझ्या वडिलांनी तीस वर्षं माग चालवला, आता टीव्ही पूर्ण आवाजात लावूनही त्यांना नीट ऐकू येत नाही. यावर पेपर भरपूर मिळतील, आवाजाने येणाऱ्या बहिरेपणासाठी पबमेडमध्ये स्वतंत्र विषयशीर्षकच आहे. विषय बदल.

अंतिमवर्ष_सोलापूर | मंगळवार, सकाळी ९:२०
विषय मंजूर झालाय, बदलता येणार नाही. काका, सोलापूर काढलं, तरी शून्य.

फिजिओ_पुणे | मंगळवार, सकाळी ९:४४
फिजिओथेरपी करतेस ना? मग पेड्रो हा डेटाबेस बघ. सिडनीतून चालतो, फुकट आहे, फक्त फिजिओसाठीच आहे. पबमेडच्या गर्दीत कशाला शिरायचं?

जुना_ग्रंथपाल | मंगळवार, सकाळी १०:०२
पेड्रो चांगला आहे, पण इथे उपयोगाचा नाही. त्यात उपचारांच्या चाचण्या, त्यांचे आढावे आणि मार्गदर्शक सूचना असतात. हिला किती बायकांना दुखतं हे मोजलेले अभ्यास हवेत. ते तिथे नसतात.

फिजिओ_पुणे | मंगळवार, सकाळी १०:१५
चर्चेच्या भागात व्यायामाचे पुरावे लागतीलच की. तेव्हा पेड्रोच लागणार.

जुना_ग्रंथपाल | मंगळवार, सकाळी १०:२१
लागतील तेव्हा लागतील. आज तिचं पहिलं पान अडलंय.

सरकारी_योजना_माहिती | मंगळवार, सकाळी ११:३०
पेपर विकत घेऊ नका. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. आता सगळ्या विद्यार्थ्यांना सगळं मोफत.

लॅबमधला | मंगळवार, सकाळी ११:५२
सगळ्या नाही. केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी ते सुरू झालं. खासगी कॉलेजच्या मुलांना असं सांगून उगीच आशेला लावू नका. आणि तिने पेपर विकत घेण्याबद्दल विचारलंच नाही, तिला पेपर दिसतच नाहीयेत. @अंतिमवर्ष_सोलापूर कॉलेज सरकारी की खासगी?

अंतिमवर्ष_सोलापूर | मंगळवार, दुपारी १:१०
खासगी. लायब्ररीत डेटाबेस म्हणजे एक कॉम्प्युटर आणि त्यावर पासवर्ड, जो कुणालाच माहीत नाही. खरं सांगते, शनिवारी एआयला विचारलं होतं, त्याने बारा संदर्भ दिले. मॅडमनी त्यातले चार तपासले, चारही अस्तित्वात नव्हते. नियतकालिकाचं नाव खरं, बाकी सगळं रचलेलं. त्या खूप रागावल्या, म्हणून आता पबमेडशिवाय काही नको म्हणतात. मला परत त्यांच्यासमोर तसं उभं राहायचं नाहीये.

जुना_ग्रंथपाल | मंगळवार, दुपारी १:२५
मॅडम बरोबर आहेत. पबमेडवरच्या प्रत्येक नोंदीला पीएमआयडी हा क्रमांक असतो. तो पेटीत टाकला की नोंद उघडते. न उघडणारा संदर्भ लिहायचाच नाही, एवढं पाळा.
आता स्पेलिंग. आपण विडी म्हणतो, इंग्रजीत तिची तीन-चार रूपं आहेत: बी-आय-डी-आय, बी-डबलई-डी-आय, बंगालकडचे लोक बी-आय-आर-आय. तुम्ही एकच टाकलंत. ही सगळी रूपं एका कंसात घ्या आणि मध्ये ‘ऑर’ ठेवा. अँड, ऑर, नॉट हे कॅपिटल अक्षरांतच लिहायचे. दुसऱ्या कंसात वर्कर, रोलर, रोलिंग, तेही ‘ऑर’ने. तिसऱ्यात मस्क्युलोस्केलेटल, पेन, पोश्चर, अर्गोनॉमिक्स. तिन्ही कंस ‘अँड’ने जोडा.

स्कॉलरप्रेमी | मंगळवार, दुपारी १:४०
आणि शेवटी ‘नॉट स्मोकिंग’ टाक, नाहीतर विडी ओढणाऱ्यांचे, तोंडाच्या कॅन्सरचेच पेपर येतील.

जुना_ग्रंथपाल | मंगळवार, दुपारी १:४८
अजिबात टाकू नका. ज्या पेपरच्या सारांशात ‘या बायकांपैकी कुणीही धूम्रपान करत नव्हतं’ असं वाक्य असेल, तोही उडेल. म्हणजे नेमका हवा तोच जाईल. वर्कर-रोलरचा कंस तेवढ्यासाठीच दिला आहे.

आई_विडी_कामगार | मंगळवार, दुपारी ३:३०
माझी आई चाळीस वर्षं विड्या वळते. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलतो. ताई, तुम्ही शोधताय ते शब्दच अपुरे वाटतात. मान-पाठ दुखतेच, पण आई आधी बोटं आणि मनगट सांगते. पान ओलं करायचं, पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोऱ्याने बांधायचं. हजार विड्या म्हणजे हे सगळं हजार वेळा. मांडीवर सूप, पाय दुमडलेले, मान खाली, तीही दुपारपर्यंत वर होत नाही. पैसे हजारावर मिळतात, म्हणून मध्ये उठायचं नाही. गुडघ्यांचं तर विचारूच नका. कुंभारीला विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीत जाऊन एक सकाळ बसा, मग शोधा.

अंतिमवर्ष_सोलापूर | मंगळवार, दुपारी ४:०५
हे मला कुठल्याच पेपरात दिसलं नसतं. मनगट आणि गुडघा माझ्या प्रश्नावलीत नव्हतेच. तुमच्या आईंना भेटायला आले तर चालेल का?

आई_विडी_कामगार | मंगळवार, दुपारी ४:१२
या की. दुपारी दोनच्या आत या, नंतर ती विड्या द्यायला कारखान्यात जाते.

फिजिओ_पुणे | मंगळवार, दुपारी ४:३०
मग नॉर्डिक प्रश्नावली घे. १९८७ची आहे, शरीराचे नऊ भाग विचारते, मनगट आणि गुडघा दोन्ही त्यात येतात. आणि शोधताना ‘नॉर्डिक’ हाही शब्द टाकून बघ. कामगारांवरचे बरेच अभ्यास तीच वापरतात.

अंतिमवर्ष_सोलापूर | मंगळवार, संध्याकाळी ६:५०
काकांनी सांगितलं तसं कंस करून टाकलं. तरी शून्य!! माझंच काहीतरी चुकतंय का?

लॅबमधला | मंगळवार, संध्याकाळी ७:०१
एवढे शब्द देऊन शून्य शक्य नाही. पानाच्या डाव्या बाजूला काय दिसतंय? एखाद्या चौकोनात टिक आहे का? आणि पबमेड उघडतेस कसं?

अंतिमवर्ष_सोलापूर | मंगळवार, संध्याकाळी ७:१०
मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली होती, रोज तीच उघडते. डाव्या बाजूला ‘रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल’वर टिक आहे. तिचा विषय गुडघ्याच्या व्यायामाचा आहे.

लॅबमधला | मंगळवार, संध्याकाळी ७:१३
हेच ते. लिंकमध्ये तिचं फिल्टर आलंय आणि नवीन शोध टाकला तरी ते तसंच राहतं. त्याने फक्त चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या उपचारांच्या चाचण्याच दिसतात. विडी वळणाऱ्या बायकांच्या दुखण्याचं प्रमाण मोजायला चिठ्ठ्या टाकून गट कोण करणार? ‘क्लिअर’ दाब, कॉम्प्युटरवर पबमेड नव्याने उघड, मग काकांचे कंस टाक.

अंतिमवर्ष_सोलापूर | मंगळवार, संध्याकाळी ७:३१
आले!!! खूप आले. पहिल्याच पानावर चार कामाचे दिसतायत, एकात तर खांदा, मनगट सगळं आहे. तीन दिवस रडत होते मी.

जुना_ग्रंथपाल | मंगळवार, संध्याकाळी ७:४०
छान. आता त्या चारपैकी सगळ्यात जवळचा उघडा आणि खाली ‘सिमिलर आर्टिकल्स’ बघा. मग त्याची संदर्भसूची. पंधरा तिथेच पुरे होतील. पूर्ण मजकूर ‘पीएमसी’ (पबमेड सेंट्रल, पूर्ण पेपरांचा मोफत संग्रह) ही खूण असलेल्यांचा फुकट मिळतो. इंडियन जर्नल ऑफ ऑक्युपेशनल अँड एन्व्हायर्न्मेंटल मेडिसिन हे नियतकालिक नक्की पाहा, कामगारांच्या आरोग्याचंच आहे. ज्याचा मजकूर मिळत नाही, त्या लेखकाला दोन ओळींचा मेल करा, पत्ता बहुतेक वेळा नोंदीतच असतो. आणि आज केलेला शोध शब्दांसह, तारखेसह वहीत उतरवा. मॅडम विचारतील.

स्कॉलरप्रेमी | मंगळवार, रात्री ८:१५
भारतातली बरीच छोटी नियतकालिकं पबमेडवर नाहीतच. पीएचडीचे प्रबंध शोधगंगेवर असतात. त्यासाठी तरी स्कॉलर आणि शोधगंगा बघ. मी हे पहिल्यापासून सांगतोय.

जुना_ग्रंथपाल | मंगळवार, रात्री ८:२२
हे मात्र मान्य. मॅडमना विचारून घ्या.

बाइंडिंग_करून_मिळेल | बुधवार, सकाळी १०:००
सिनॉप्सिस, प्रबंध, स्पायरल आणि हार्ड बाइंडिंग एका दिवसात. नवी पेठ.

अंतिमवर्ष_सोलापूर | बुधवार, दुपारी ३:२०
अकरा संदर्भ झाले. आत्ताच मावशींकडून आले. बोलता बोलता त्यांनी दोनशे विड्या वळल्या, मान एकदाही वर केली नाही. उजव्या अंगठ्याची सूज त्यांनी स्वतःहून दाखवली. काका, अंगठ्यासाठी कुठला शब्द टाकू?

जुना_ग्रंथपाल | बुधवार, दुपारी ३:३५
थम्ब, हँड, रिस्ट. ‘ऑर’ने, एकाच कंसात.