मदत हवी आहे: जुन्या गाडीचं इंजिन लीन चालतंय, पी०१७१ काही केल्या जात नाही

मंडळी,

जुनी पेट्रोल गाडी आहे. चार सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन, एअर फिल्टरच्या डब्यापुढे मॅफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा). चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनर पी०१७१ दाखवतो, म्हणजे बँक १ (सिलिंडरची पहिली रांग) लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. कोड पुसला की थोडे दिवस बरे जातात, मग दिवा पुन्हा हजर. थंड इंजिनवर आयडलिंग हलतं, गाडी उभी असताना आरपीएमचा काटा खालीवर नाचतो. गरम झाली की बरीच शहाण्यासारखी वागते. पिकअप ठीक आहे, चढावरही दम लागत नाही.

गॅरेजवाल्याने पुढचा ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघणारा) बदलला, कोड तसाच. आता तो म्हणतो मॅफ बदलू, तेवढ्याने नाही भागलं तर फ्युएल पंप. अंदाजपंचे एकेक पार्ट बदलत बसायची माझी तयारी नाही, म्हणून स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम (इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते; शॉर्ट टर्म म्हणजे तात्पुरता, लाँग टर्म म्हणजे शिकलेला) लिहून घेतले:

थंड, क्लोज्ड लूपमध्ये (ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल ठरवायला लागल्यावर) आल्याआल्या, आयडलवर: शॉर्ट टर्म +९, लाँग टर्म +२१
गरम, आयडलवर: +४ आणि +१७
गरम, २५०० आरपीएमला धरून: +१ आणि +५

थंड असताना ऑक्सिजन सेन्सर बराच वेळ ०.१-०.२ व्होल्टवर (म्हणजे लीन) पडून असतो. गरम झाल्यावर ०.१ ते ०.८ मध्ये व्यवस्थित खालीवर होतो. नळ्या वरवर पाहिल्या, तुटलेली एकही दिसली नाही. हे आकडे बघून व्हॅक्युम लीक (इन्टेकमध्ये चोरून शिरणारी हवा) धरून चालायचं का? आणि गरम झाल्यावर सुधारतं, त्याचा काय अर्थ लावायचा?

प्रतिसाद:
पंपाला हात लावू नका. तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे.

ट्रिम +२१ म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) हिशेबापेक्षा २१ टक्के जास्त पेट्रोल सोडतोय, कारण मॅफने न मोजलेली हवा मागच्या दाराने आत येतेय. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतं, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्युम जबरदस्त असतो आणि इंजिन एकूण हवाच थोडी ओढतं. त्यात चोरवाटेने आलेल्या हवेचा वाटा मोठा पडतो. २५००ला एकूण हवा कितीतरी वाढते आणि तोच वाटा नगण्य होतो. पंप दमलेला किंवा फिल्टर तुंबलेला असता तर चित्र उलटं दिसलं असतं: आयडलला ठीक, लोड आला की ट्रिम चढत गेले असते. मळलेल्या मॅफचंही बहुधा असंच, हवा वाढेल तशी त्याची चूक वाढते.

+५ कडे फार लक्ष देऊ नका. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असेल तर हवा-पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७ वरून १४.१ च्या आसपास येतं. सगळीकडे चारेक टक्के त्यातच जातात.

मात्र हा सगळा हिशेब मॅफवाल्या गाडीचा. नुसता मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असलेल्या इंजिनात लीकची हवाही दाबात मोजली जाते, तिथे ट्रिमऐवजी आयडल चढलेलं दिसतं.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत, पण एक शक्यता राहिली. ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट मॅनिफोल्डला चीर असेल तर एक्झॉस्टच्या धक्क्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो लीन म्हणून ओरडतो आणि ईसीयू बिचारा पेट्रोल ओततो. लोखंड तापून फुगलं की चीर मिटते. तुमचं 'थंड वाईट, गरम बरं' यातही बसतं!

दोन्हींत फरक करायला प्लग काढून बघा. एक्झॉस्टची चीर असेल तर इंजिन प्रत्यक्षात रिच (पेट्रोल जास्त) चालतंय, प्लगवर काळी कोरडी काजळी मिळेल. थंड स्टार्टला मॅनिफोल्डपाशी टकटक आवाज येतो का, तेही ऐका. इन्टेकचा लीक असेल तर प्लग काळे नसतील.

आणि ते कार्ब क्लीनर मारून आरपीएम बघायचे उद्योग तापलेल्या एक्झॉस्टशेजारी करू नका, भडका उडतो. स्मोक टेस्ट (इन्टेकमध्ये धूर सोडून गळती शोधणं) सगळ्यात उत्तम, तीही इंजिन थंड असतानाच. गरम इंजिनवर केली तर लीक लपून बसेल आणि 'काही नाही' म्हणून गाडी परत मिळेल.

मूळ धागाकर्ता:
दोघांचेही आभार. प्लग काढले, फिकट करडे आहेत, काजळी अजिबात नाही. टकटकही नाही. मग ब्रेक बूस्टरची नळी चिमटून पाहिली, फरक शून्य. पीसीव्हीची नळी (इंजिनच्या पोटातली वाफ इन्टेकमध्ये नेणारी) चिमटली आणि काटा लगेच स्थिर झाला!

ती नळी मॅनिफोल्डखाली जिथे वळते तिथला रबरी एल्बो तेलाने फुगून लिबलिबीत झाला होता. वरून धडधाकट, पण बाहेर काढून वाकवला तर खालच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी फट उघडली. नवा बसवला, ट्रिम रिसेट केले, थोडी चालवली. आता गरम आयडलला दोन्ही मिळून +६. थंडला मात्र अजून +१४ दिसतं. हे असंच सोडायचं का?

प्रतिसाद:
सोडू नका, दुसरा छोटा लीक आहे. गरम झाल्यावर मिटतोय म्हणजे पहिला संशय इन्टेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर, मग इंजेक्टरच्या ओ-रिंगवर. वयाने दोन्ही कडक होतात. आधी मॅनिफोल्डचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा, मधून बाहेरच्या क्रमाने आणि मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंतच. मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचा असेल तर जोर लावून आवळलात की तडा गेलाच समजा. बोल्ट ठीक निघाले तर गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवा आणि सकाळी सुरू करायच्या आधी धूर सोडायला सांगा. धूर कुठून येतो त्याचा फोटो इथे टाका.