मध सातपुड्याचाच आहे हे लॅबमधून सिद्ध होतं का?

धडगाव_ते_जळगाव: राम राम मंडळी. नंदुरबारच्या धडगावकडच्या पावरा आदिवासी भावांकडून आग्या मोहोळाचा मध घेतो अन् जळगावात विकतो. गिऱ्हाईक विचारतं, हा सातपुड्याचाच कशावरून? म्हणून टेस्ट करून आणली, रिपोर्टात ओलावा, साखर, एचएमएफ सगळं ओके आलं पण कुठला मध ते काहीच नाही. अशी टेस्ट असते का?

मोहोळवाला: भाऊ, तो रिपोर्ट शुद्धतेचा. एचएमएफवरून मध तापवला किंवा जुना आहे का एवढंच कळतं. मूळ शोधायला आधी परागकण बघतात मायक्रोस्कोपखाली, मोहरीचे कण खच्चून निघाले तर माल उत्तरेकडचा असायची शक्यता, आपल्याकडे मोहरी किती लावतात? फक्त मध फार बारीक गाळू नका, पराग निघून गेले की पुरावाच गेला.

केमिस्ट्री_चोपडा: पराग नसले तरी मार्ग आहेत. कार्बन आयसोटोपने (आयसोटोप म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) उसाची अन् मक्याची साखर पकडली जाते, मध अन् त्यातलं प्रोटीन यांच्या कार्बनमधला फरक 1 प्रति हजारच्या वर गेला की भेसळ समजतात. तांदळाचं सिरप मात्र त्यातून सुटतं कारण भाताचा कार्बन फुलांसारखाच, तिथे एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखायची तपासणी लागते. पण ही झाली भेसळ. जागेसाठी खनिजं अन् स्ट्रॉन्शियम या धातूचे आयसोटोप बघतात, ते खडकातून मातीत, मातीतून झाडात, झाडातून मधात येतात. आता अडचण बघा, सातपुडा, नाशिक, पुणे सगळीकडे तोच काळा बेसाल्ट, म्हणून हिमालयातला मध वेगळा निघेल पण धडगाव की नाशिक हे एकट्या स्ट्रॉन्शियमवर सांगता येणार नाही, पराग अन् खनिजं सगळं जोडून बघावं लागतं. अन् मुख्य म्हणजे लॅब तुलना करते, तुमच्या डोंगरातले खात्रीचे नमुनेच त्यांच्याकडे नसतील तर कशाशी जुळवणार?

धडगाव_ते_जळगाव: मग ते नमुने आम्हीच जमवायचे?

मोहोळवाला: हो, अन् यंदापासूनच. पोळं काढतील तिथेच छोटी बाटली भरून ठेवायची, तारीख, पाडा, तेव्हा जंगलात काय फुललं होतं ते लिहायचं, त्या फुलांचा परागही वेगळा ठेवायचा. पुण्याला खादी आयोगाची मधमाशी संशोधन संस्था आहे 1962 पासूनची, तिथे विचारा. झाडं ओळखायला पावरा भावांनाच बसवा, त्यांच्याइतकं जंगल कोणाला माहीत नाही, अन् लेबलवर त्यांच्या पाड्याचं नाव टाका.

धडगाव_ते_जळगाव: टाकतो दादा. या रविवारी जातोय, बाटल्या घेऊनच.