मदत हवी आहे: मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवायचं म्हणतोय, पण सासूबाईंना कारण काय सांगू?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. लांबलंय जरा.

आम्ही नगरचे, म्हणजे आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय. मराठी ख्रिस्ती कुटुंब, पाचवी पिढी. मुलगा पाचवीत, मुलगी दुसरीत, दोघं इंग्लिश मीडियमला. मिस्टर एमआयडीसीत शिफ्टला, मी नर्स, सध्या आठवड्यातून तीन दिवस सकाळचीच क्लिनिकला जाते. जूनपासून दोघांना घरी शिकवायचं असं चाललंय आणि त्यावरून सासूबाईंनी आठ दिवस अबोला धरलाय. त्या मिशनच्या शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरीणबाई.

मिस्टरांचं कारण सरळ आहे. ते यूट्यूबवर अमेरिकेतल्या ख्रिस्ती होमस्कूलवाल्यांचे व्हिडिओ बघतात, बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात लिहिलंय ना की वचनं मुलांच्या मनावर बिंबवा, घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता, मग ते काम आईबापाचं, शाळेकडे का सोपवायचं. एका ओळखीच्या कुटुंबाकडून तिकडच्या पुस्तकांचा अख्खा खोका पण आणला सेकंडहँड. उघडलं तर दुसरीच्या गणितात डाईम, निकल, क्वार्टर, म्हणजे तिकडची नाणी. पोरीने जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, काका, एका क्वार्टरचे किती होतात? दिराला असा ठसका लागला की पाणी आणायला पळावं लागलं.

माझी कारणं वेगळी आहेत आणि ती मला नीट मांडता येत नाहीयेत म्हणून तर इथे लिहितेय. एक म्हणजे रविवार. मुलाचे स्कॉलरशिपचे जादा तास रविवारी 8 ते 11, आमची उपासना 9 ला. वर्षभरात पोरगा संडे स्कूलला बोटावर मोजण्याइतक्या वेळा गेला असेल. सरांना सांगितलं तर म्हणे एका वर्षाचा तर प्रश्न आहे ताई. बाकी दिवस सकाळी 6:40 ची बस, संध्याकाळी ट्यूशन, रात्री प्रार्थनेला बसलं की झोपेने डोकं खाली.

दुसरं, मराठी. रात्री आम्ही पाळीपाळीने शास्त्र वाचतो. परवा त्याची पाळी आली, करिंथकरांस पहिले पत्र, तर बोट ठेवून ठेवून करी... थंक... रास, असं वाचलं. पुढे जोडाक्षरांची रांगच होती. म्हणाला आई मी इंग्लिशमधलं वाचू का. आजीने काही न बोलता पुस्तक मिटलं आणि प्रार्थना तिनेच संपवली. ज्या घरात रेव्हरंड ना. वा. टिळकांची गाणी तोंडपाठ आहेत त्या घरातल्या पोराला आपल्याच भाषेतलं बायबल वाचता येत नाही, याचं मला फार लागलं हो.

तिसरं सांगू की नको असं झालंय. बाकावरच्या मुलाने विचारलं, तुम्हाला कन्व्हर्ट व्हायचे किती पैसे मिळाले. आमच्या येड्याने घरी येऊन पप्पांना विचारलं, पप्पा, आपल्याला किती मिळाले होते? टीचरने नंतर छान समजावलं दोघांना, त्यांच्याबद्दल तक्रार नाही, आणि यावरून शाळा सोडायची तर मग नोकरीपण सोडावी लागेल आणि बाजारात जाणंपण. पण मिस्टरांच्या मनात ते राहिलंय.

आता सासूबाई. अबोला धरायच्या आधी त्या एवढंच बोलल्या, की अमेरिकन मिशन नगरला 1831 ला आलं आणि आपल्या लोकांना शाळेत बसवलं, मिशनच्या फरारबाईंकडे सावित्रीबाईसुद्धा शिकायला आल्या होत्या, माझी आजी बोर्डिंगात गेली म्हणून मी मास्तरीण झाले, आणि तू पोरांना परत घरात बसवतेस? यावर मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का?

आणि हे पण सांगा: कायद्याने चालतं का? दहावीचं काय? दाखला काढला आणि वर्षभराने परत घालावं लागलं तर घेतील का?

– नगरकरीण

गुरुजी_झेडपी: ताई, मी जिल्हा परिषदेचा मास्तर, आधी कायद्याचं सांगतो. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं कलम 10 प्रमाणे पालकाचं कर्तव्य आहे, पण नाही घातलं तर पालकाला दंड किंवा शिक्षा त्या कायद्यात नाही. होमस्कूलिंग हा शब्दच त्यात नाही, म्हणजे बंदीपण नाही आणि परवानगीचा फॉर्मपण नाही. मूल महिनाभर शाळेत नसलं की आमच्या शाळाबाह्य सर्वेक्षणात येतं, मग आमच्यासारखा कुणीतरी वही घेऊन दारात येईल. घाबरू नका, चहा पाजा आणि पोराची वही दाखवा. परत घालायचं झालं तर कलम 4 आहे, वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं. खाजगी इंग्लिश शाळा जागा नाही म्हणेल हे धरून चाला, सरकारी शाळा नाही म्हणू शकत नाही. दाखल्याच्या चार झेरॉक्स काढून ठेवा. आणि राग मानू नका, रविवारच्या तासाला पोरगं पाठवायचं नाही एवढं जरी ठरवलं तरी तुमचं निम्मं दुखणं बरं होतंय. स्कॉलरशिप परीक्षा सक्तीची नाही.

घरशाळा_पुणे: आमची दोन्ही घरीच शिकतात, सहा वर्षं झाली, आम्ही धार्मिक वगैरे नाही. एनआयओएस म्हणजे केंद्राचं मुक्त शाळा बोर्ड बघा, दहावीला 14 वर्षं पूर्ण लागतात, त्याआधी ओबीई म्हणून तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या लेव्हल्स आहेत. नाहीतर बाहेरून परीक्षेला बसायचा राज्य बोर्डाचा 17 नंबर फॉर्म, त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो म्हणून तो जपा. पण कागद सोपे आहेत हो, अवघड आहे ते सकाळी दहा वाजता. तुम्ही क्लिनिकला आणि मिस्टर फर्स्ट शिफ्टला तेव्हा पोरांजवळ कोण? आमच्याकडे नवऱ्याने नोकरी सोडली तेव्हा जमलं.

डॅलसकर: इकडून लिहितोय. टेक्सासमध्ये होमस्कूल करायला सरकारकडे नोंदणीसुद्धा लागत नाही, आमच्या गल्लीत तीन घरं आहेत, तिन्ही चर्चवाली, मुलं गोड आहेत. पण तिकडची कारणं तिकडची हे तुमच्या मिस्टरांना सांगा. इथे 1962 आणि 63 मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारी शाळेतली शाळेने घ्यायची प्रार्थना आणि बायबलवाचन बंद केलं, उत्क्रांती शिकवण्यावरून भांडणं झाली, आपली शाळा आपल्या हातून गेली असं इथल्या बऱ्याच ख्रिस्ती लोकांना वाटलं आणि त्यातले कित्येक पुढे मुलं घेऊन घरी बसले. इथे ते बहुसंख्य, नगरात तुम्ही मूठभर. व्हिडिओत हे कुणी सांगत नाही.

केडगावची_लेक: मी दौंडजवळच्या केडगावची, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या सावलीत वाढले, म्हणून राहवेना. सासूबाईंना सांगा की पंडिता रमाबाई कुठे शाळेत गेल्या होत्या? वडील अनंतशास्त्रींनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून गावाने त्रास दिला, ते रानात जाऊन राहिले, आणि आईनेच पोरीला शिकवलं. 1878 ला कलकत्त्याच्या पंडितांनी पंडिता म्हटलं ते त्या घरच्या शिक्षणावर. पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल केलं ते पण त्यांनीच.

गुरुजी_झेडपी: आणि त्याच रमाबाईंनी 1889 ला मुंबईत शारदा सदन काढलं. स्वतः घरी शिकल्या, दुसऱ्यांच्या पोरींसाठी मात्र शाळा काढली. हे पण सांगा मग सासूबाईंना.

नगरकरीण: सगळ्यांना थँक्यू, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. काल रात्री अख्खा धागा सासूबाईंना वाचून दाखवला, त्या भाजी निवडत होत्या, मान वर केली नाही. रमाबाईंचं आलं तेव्हा म्हणाल्या, हे मला माहीत आहे, मी चौतीस वर्षं शिकवलंय ते. गुरुजींचं वाचलं तेव्हा हसल्या. पुणेवाल्या ताईंचा दहा वाजताचा प्रश्न वाचला तेव्हा मात्र थांबल्या आणि म्हणाल्या, दहा वाजता मी कुठे जाते? मला वाटलं चेष्टा करतायत.

आज सकाळी मुलाला समोर बसवलं, पाटी काढली कुठून तरी, आणि क्र, ख्र, ग्र, त्र असं लिहून घेत होत्या. मिस्टरांना बजावलं की तो क्वार्टरचा खोका ज्याचा त्याला देऊन ये. शाळा सोडायला हो म्हणाल्या नाहीत. एप्रिलपर्यंत रोज एक तास आणि रविवार मोकळा, एवढं करून बघू, मग बोलू, असं म्हणाल्या. मिस्टरांना हे कमी वाटतंय, मला सध्या पुरतंय.

फक्त एक सांगा, जुनी मराठी माध्यमाची बालभारतीची पुस्तकं, दुसरी आणि चौथीची, नगरात कुठे मिळतील? दोन दुकानं फिरले, ते म्हणाले जूनमध्ये या.

गुरुजी_झेडपी: ई-बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहेत. चौथीचं एकदम नका देऊ, तिसरीचं घ्या.

नगरकरीण: सासूबाई पण तेच म्हणाल्या.