बाळाचा ताप: ड्रॉप्स आणि सिरप, डोस सारखाच का?

प्रश्न: बाळ 10 महिन्यांचं, वजन 8 किलो, ताप 101. घरात पॅरासिटामॉलचे ड्रॉप्सही आहेत नि सिरपही. किती द्यायचं?

उत्तर 1: आधी बाटलीवरची ताकद वाचा. एका वेळी किलोमागे 15 मिग्रॅ, म्हणजे 120. ड्रॉप्स 1 मिलीत 100 मिग्रॅ असतील तर 1.2 मिली; सिरप 5 मिलीत 120 असेल तर 5 मिली. घोळ इथेच होतो. ड्रॉप्स चुकून 5 मिली दिले तर चौपट औषध पोटात जातं! चमच्याने नको, सिरिंजनेच मोजा.

उत्तर 2: दोन डोसांत 6 तास हवेत. गार पाण्याच्या पट्ट्यांनी हुडहुडी भरते. गोधडी काढा, अंगावर पाजत राहा.

उत्तर 3: 3 महिन्यांखालच्या बाळाला 100.4 आला तरी थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.