‘हे संगीत नक्की कुणाचं?’ – सांगलीत मुलांसाठी तासाभराचा कार्यक्रम कसा बसवावा?

कृष्णाकाठ: आठवी-नववीच्या मुलांसाठी शास्त्रीय संगीताचा तासाभराचा कार्यक्रम बसवायचा आहे. पालकांच्या गटात मात्र वाद पेटलाय: हे हिंदूंचं की मुसलमानांचं, मराठी मुलांनी ब्रज भाषेतल्या (मथुरेकडची जुनी हिंदी) चिजा, म्हणजे रागात बांधलेली गाणी, का ऐकायच्या? भाषण न ठोकता हे कसं हाताळावं? मिरजेचा तानपुरा मिळालाय, पण तो बद्द वाजतो.

खर्ज: आधी तानपुरा. बद्द वाजतो म्हणजे दोरा सरकलाय किंवा जवारी (तारेला झणकार देणारा घोडीचा हलका उतार) गेलीय. तार आणि घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) यांच्यामधला सुती दोरा तार छेडत केसाएवढा पुढेमागे करा. एका जागी आवाज एकदम उघडतो, तिथे थांबा. कुठेच उघडला नाही तर तारेनं घोडीवर चरा पाडलाय. घरी पॉलिश पेपर मारू नका. उतार बिघडला की चारही तारा वेगवेगळ्या बोलायला लागतात. मिरजेत सतारमेकर गल्लीत न्या, कारागीर कानशीनं घासून गोलाई परत आणतो.

सुरात लावताना आधी मधल्या दोन तारांची जोडी षड्जाला (सा). दोन तारांमध्ये लाटा ऐकू येत असतील तर खुंटी पिळू नका, तारेत ओवलेला मणी सरकवा. मग खर्ज (खालच्या सा ची जाड तार), शेवटी पहिली तार पंचमाला (प). खुंटी घसरत असेल तर खडू चोळा.

नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार (ग) आपोआप ऐकू येतो. कुणीही लावलेला नसताना! मुलांना डोळे मिटून तो शोधायला लावा.

विलंबित: वादाला उत्तर म्हणून फळ्यावर फक्त नावं लिहा. ग्वाल्हेरचे गायक हस्सू खाँ, त्यांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, त्यांच्याकडे मिरजेत शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर. जन्म कुरुंदवाडचा, पण १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय काढलं ते लाहोरात. दुसऱ्या बाजूला उत्तर प्रदेशातल्या कैरानाचे अब्दुल करीम खाँ. ते मिरजेत स्थायिक झाले, १९३७ मध्ये वारले आणि इथल्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांची कबर आहे. त्यांचे शिष्य कर्नाटकातल्या कुंदगोळचे सवाई गंधर्व, आणि त्यांचे भीमसेन जोशी व गंगूबाई हनगल, म्हणजे घरात कानडी बोलणारे. यातलं एक नाव पुसलं की पुढची साखळी तुटते. मुलांना पुसून बघायला सांगा.

तानपुराही दाखवा: भोपळा पंढरपूरकडचा, कारागीर पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले.

गंधार_जागेवर: विलंबित यांची यादी उत्तम, पण पाच मिनिटांच्या वर नको. मुलं कंटाळली की पालकांचा मुद्दा आपोआप जिंकतो. अर्धा तास एकाच गोष्टीला द्या: भूप आणि देशकार हे दोन राग. दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर. आधी शब्दच नकोत, नुसता ‘आ’कार आणि सरगम (स्वरांची नावं गाणं). भूपात गंधारावर थांबा, देशकारात धैवतावर (ध). स्वर तेच, पण मुक्काम बदलला की राग बदलतो, आणि हे तेरा वर्षांच्या मुलाला दोन-तीन आवर्तनांत कळतं. चीज त्यानंतर. तिचे ब्रज शब्द आणि मराठी अर्थ फळ्यावर शेजारी शेजारी लिहून ठेवा, चीज संथ लयीऐवजी मध्य लयीतली घ्या.

एक चूक हमखास होते: स्वतः गाऊन दाखवताना देशकारात पुन्हा पुन्हा गंधारावर रेंगाळणं. मग तो भूपच ऐकू येतो. गाणाऱ्याला हे आधी सांगा. आणि तानपुऱ्याचा माइक घोडीसमोर वीतभर अंतरावर ठेवा, नाहीतर तो गंधार मागच्या बाकांपर्यंत पोचायचा नाही.