मदत हवी आहे : रक्ततपासणीत १:१८० आले आहे

मलप्रभाकाठ
नमस्कार. पत्नीच्या रक्ततपासणीचा अहवाल काल बेळगावहून आला. त्यात डाऊन सिंड्रोमसमोर १:१८० असा आकडा आणि खाली 'स्क्रीन पॉझिटिव्ह' असा शेरा आहे. डॉक्टर परगावी असून गुरुवारी भेटतील. प्रयोगशाळेतील गृहस्थांनी कन्नडमधून बरेच समजावले, पण मला कळले ते एवढेच की धोका आहे. बाळाला आजार आहे की नाही, एवढेच कृपया सरळ सांगावे.

टिळकवाडीकर
तपासणी डबल मार्करची (पहिल्या तीन महिन्यांतील) आहे की क्वाड्रुपलची (त्यानंतरची)? कितव्या आठवड्यात रक्त दिले आणि वहिनींचे वय किती आहे? हे कळल्याशिवाय त्या आकड्याचे काहीच करता येणार नाही.

मलप्रभाकाठ
क्वाड्रुपल आहे. वय ३१. पहिलीच खेप आहे.

निपाणीची लेक
दादा, वेळ न दवडता एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातील बाळाच्या डीएनएची तपासणी, करून घ्यावी, असे मी अनुभवाने सांगते. माझ्या वेळी डबल मार्करमध्ये १:२१० आले होते. एनआयपीटीसाठी हातावरून साधे रक्त घेतात, दहाव्या आठवड्यानंतर ती केव्हाही करता येते आणि डाऊन सिंड्रोमची शंभरांतील सुमारे ९९ बाळे तीत सापडतात. माझा निकाल चांगला आला आणि मी त्या रात्री प्रथमच शांत झोपले. खर्च मात्र बराच आहे.

चिकोडीचा मास्तर
ताई, आपला अनुभव खरा असला तरी सल्ला अर्धा आहे. एनआयपीटीत तपासला जाणारा डीएनए बाळाचा म्हटला जातो खरा, पण तो येतो वारेतून. म्हणून तीही चाळणीच आहे. निदान हवे असेल तर गर्भजलाची तपासणी, म्हणजे ॲम्निओसेंटेसिस, करावी लागते. ती पंधराव्या आठवड्यानंतर करतात. सुईमुळे गर्भपात होईल, या भीतीने लोक ती टाळतात, पण अनुभवी हातांत ते प्रमाण दोनशेत एकाहूनही कमी आहे. एनआयपीटी पॉझिटिव्ह आली तरी शेवटी हेच करावे लागणार. मग दोनदा पैसे का घालवायचे?

निपाणीची लेक
मास्तर, सुई आपल्या पोटात जात नसल्यामुळे हे लिहिणे आपल्याला सोपे जाते.

संकेश्वरवाला
आमच्या भागात मामाच्या मुलीशी लग्न होते, म्हणून असले आजार येतात. आपले लग्न नात्यातले आहे का? असल्यास दोघांची एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) तपासणी करून घ्यावी. ती ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक (स्वतःला आजार नसून तो मुलांकडे जाऊ शकतो असे) असण्याचा संशय घेतात, आणि दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारांत एक एवढा धोका असतो.

टिळकवाडीकर
थॅलेसेमियाची माहिती बरोबर आहे, पण विचारलेले ते नव्हते. नात्यातील लग्नाने थॅलेसेमियासारख्या आजारांचा धोका वाढतो. डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते आणि बहुतेक वेळा ती चूक बीजांड तयार होताना घडते; तिचा संबंध मुख्यतः आईच्या वयाशी आहे. विसाव्या वर्षी हे प्रमाण सुमारे १,५०० जन्मांत एक असते, तर चाळिसाव्या वर्षी सुमारे शंभरांत एक.

आता मूळ प्रश्नाकडे. १:१८० म्हणजे असाच निकाल आलेल्या १८० गरोदर स्त्रियांपैकी एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल आणि १७९ जणींच्या बाळांना तो नसेल. बऱ्याच ठिकाणी १:२५० ही सीमा धरतात आणि धोका त्याहून जास्त निघाला की 'पॉझिटिव्ह' असे छापतात. त्या शब्दाचा अर्थ 'पुढची तपासणी करा' एवढाच आहे. आजार आहे की नाही, हे या कागदावरून कोणालाच सांगता येणार नाही.

परंतु मला वेगळीच शंका येते. आठवडे किती, हे आपण अजून लिहिलेले नाही. अहवालावर ते कशावरून धरले आहेत, पाळीच्या तारखेवरून की सोनोग्राफीवरून?

मलप्रभाकाठ
अहवालावर १७ आठवडे १ दिवस असे आहे. कशावरून, ते लिहिलेले नाही. ताई कार्डावर (गरोदरपणाच्या सरकारी नोंदीच्या कार्डावर) शेवटच्या पाळीची तारीख गणेश चतुर्थीची आहे. पत्नीने 'गणपतीच्या दिवसांत' एवढेच सांगितले होते आणि कार्ड भरणाऱ्या बाईंनी चतुर्थी लिहून टाकली.

टिळकवाडीकर
पाळी नियमित येते का? सुरुवातीच्या सोनोग्राफीचा कागद आहे का?

मलप्रभाकाठ
पाळी चाळीसेक दिवसांनी येते. हे कोणी विचारलेच नव्हते. सोनोग्राफीचा कागद आईने देवघरात ठेवला होता, तो आता काढला. त्यावरून मोजले तर रक्त दिले त्या दिवशी १५ आठवडे २ दिवस भरतात.

टिळकवाडीकर
म्हणजे १३ दिवसांचा फरक आहे. या तपासणीत मोजल्या जाणाऱ्या द्रव्यांपैकी एएफपी (बाळाकडून येणारे प्रथिन) या काळात आठवड्यांगणिक आईच्या रक्तात वाढत जाते आणि एचसीजी (वारेतून येणारे संप्रेरक) उतरत जाते. पंधराव्या आठवड्याचे रक्त सतराव्याच्या मापाने मोजले की एएफपी कमी आणि एचसीजी जास्त दिसते, आणि डाऊन सिंड्रोमच्या बाबतीत नेमकी हीच जोडी धोक्याची धरली जाते. आपले तसेच झाले असण्याची बरीच शक्यता आहे. सोनोग्राफीचा कागद घेऊन प्रयोगशाळेत जावे आणि त्या आठवड्यांनुसार गणित पुन्हा करून मागावे. रक्त दिले तेव्हा या तपासणीला लागणारे पंधरा आठवडे पूर्ण झाले होते, त्यामुळे बहुधा नव्याने रक्त द्यावे लागणार नाही.

चिकोडीचा मास्तर
हे मला सुचायला हवे होते. तरीही नवा आकडा पॉझिटिव्हच आला, तर पुढे काय करायचे ते गुरुवारी डॉक्टरांनाच विचारावे. अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून निर्धास्त होऊ नये. डाऊन सिंड्रोमच्या काही बाळांत तीत काहीच दिसत नाही.

मलप्रभाकाठ
प्रयोगशाळेत जाऊन आलो. या वेळी शेजारच्या कन्नडभाषिक मित्राला सोबत नेले. त्यांनी सोनोग्राफीचे आठवडे घालून गणित पुन्हा करण्याचे मान्य केले असून उद्या दुपारी कागद देणार आहेत. सर्वांचे आभार.

निपाणीची लेक
दादा, वहिनींचे वजन अर्जावर बरोबर लिहिले आहे ना? वजन जास्त असेल तर रक्तातील ही द्रव्ये पातळ होतात, म्हणून तेही गणितात धरतात.

मलप्रभाकाठ
आत्ताच अर्जाची प्रत पाहिली. वजनाचा रकाना कोरा आहे.